सामोसिर: सरोवराच्या तळातून वर आलेलं बेट

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या उत्तर भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर तोबा सरोवर पसरलंय. लांबी जवळपास १०० किलोमीटर, खोली ५०० मीटरच्या पुढे, पाणी गोडं. मधोमध सामोसिर. क्षेत्रफळ साधारण ६४० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या मुंबईहून थोडं जास्तच.

सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी इथे महाउद्रेक झाला. शिलारस प्रचंड प्रमाणात बाहेर पडला, आधार गेलेली जमीन खचली आणि त्या खळग्यात पाणी साठलं. तोबाची राख पार भारतापर्यंत उडाली. आपल्या जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठच्या बोरीलाही ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तो याच उद्रेकाचा की त्याहून जुना, यावर संशोधकांचा वाद अजून मिटलेला नाही.

उद्रेकानंतर खाली उरलेला शिलारस पुन्हा दाटला आणि त्याने तळाचा एक भलामोठा तुकडा वर रेटला. तेच हे सामोसिर. पुरावा बेटाच्या अंगावरच आहे. पाण्यापासून शेकडो मीटर उंचीवरचे हे फिकट, पातळ थर पाहा. यातली चिमूटभर माती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की डायटम नावाच्या शैवालांची नक्षीदार कवचं दिसतात. पाण्याखाली तळाशी साचलेला हा गाळ आज डोंगरावर आहे! तुकडा वर येताना कलला, म्हणून पूर्वेला उभा कडा आणि पश्चिमेला लांबलचक उतार.

पश्चिमेला पांगुरुरानपाशी मात्र एक चिंचोळी पट्टी सुमात्राला जोडलेली होती. तेव्हा हे द्वीपकल्पच. समोर पुसुक बुहित, तोबा बाटक लोक आपलं मूळ जिथे मानतात तो डोंगर. त्यांचा राजा सिसिंगामंगाराजा बारावा १९०७ साली डचांशी लढताना मारला गेला. त्याच सुमारास डचांनी ही पट्टी खणून कालवा काढला, आणि सामोसिर खऱ्या अर्थाने बेट झालं. अलीकडे तो रुंद करून वर नवा पूल बांधलाय.

आजची खरी काळजी मासेपालनाच्या तरंगत्या पिंजऱ्यांची. उरलेलं खाद्य आणि विष्ठा तळाशी कुजते, तिथला प्राणवायू संपतो. जोराचा वारा सुटला किंवा वरचं पाणी गार झालं, की तळाचं पाणी वर येतं आणि दाटीवाटीने कोंडलेले मासे गुदमरतात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पांगुरुरानला असेच टनावारी मासे मेले. उथळ खाडीत पिंजरे कमी ठेवणं, प्रत्येकात मासे विरळ सोडणं आणि ते खातील तेवढंच खाद्य टाकणं, एवढं तरी पाळलंच पाहिजे.