इंग्रजी चपळाईचे कूळ आणि मूळ

आज ज्या इंग्रजी विशेषणांविषयी बोलायचे आहे, ती लाइद, लिसम, सपल, निम्बल, अ‍ॅजाइल, डेफ्ट, स्प्राय ही सगळी आपल्याला शिकवली जातात ती ‘चपळ’ किंवा ‘लवचिक’ एवढ्या दोन अर्थांवर, आणि म्हणून आपण ती एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. इंग्रजी वाचकाला मात्र ती अदलाबदल लगेच खटकते. माझे म्हणणे असे आहे की, यांतील बहुतेक शब्द वेगाच्या कल्पनेतून जन्मलेलेच नाहीत. सौम्यपणा, नम्रता, हाती घेणे अशा अर्थांतून ते हालचालीकडे आले आणि तो जुना अर्थ आजही त्यांची जागा ठरवतो.

‘लाइद’ म्हणजे जुन्या इंग्रजीत सौम्य, मृदू. जर्मनमधला ‘लिंड’ हा त्याचा भाऊबंद आजही तोच अर्थ सांभाळून आहे. नर्तकीला किंवा चित्त्याला लाइद म्हणतात ते तो जोरात धावतो म्हणून नव्हे, तर त्याच्या अंगात कुठेही हिसका दिसत नाही म्हणून. ‘लिसम’ हे त्याच ‘लाइदसम’चे झिजलेले रूप. ‘सपल’ मात्र लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, आणि त्याच्या मुळाशी आहे गुडघे टेकून याचना करणारा माणूस. वाकणे हा त्याचा गाभा असल्यामुळे त्याला हालचालीची गरजच नाही. कमावलेले कातडे जागच्या जागी सपल असू शकते, निम्बल कधीच नाही.

‘निम्बल’ची कथा मला सर्वांत मोलाची वाटते. जुन्या इंग्रजीत ‘निमान’ म्हणजे घेणे. त्यावरून झालेला हा शब्द प्रथम चटकन ग्रहण करणाऱ्याला लावला जाई आणि मग पावलांकडे, बोटांकडे वळला. त्यातला ‘ब’ उच्चाराच्या ओघात मागाहून आला, जसा शिंप्याच्या ‘थिम्बल’मध्ये आला. त्याच ‘निमान’पासून ‘नम’ हा शब्दही निघाला: ज्याची संवेदना काढून घेतली गेली आहे, तो बधिर. घेणाऱ्याचा शब्द चपळ झाला आणि ज्याच्याकडून घेतले गेले त्याचा शब्द बधिर झाला! आजही निम्बल बोटांना आणि बुद्धीला जितका शोभतो तितका अख्ख्या देहाला शोभत नाही. ‘डेफ्ट’लाही असेच जुळे भावंड आहे. मूळ अर्थ सौम्य, विनीत. एक रूप कसबी हातांकडे गेले, तर दुसरे, ‘डाफ्ट’, भोळेपणावरून मूर्खपणाकडे घसरले.

१९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकमधली चौदा वर्षांची रोमानियन जिम्नॅस्ट नादिया कोमानेची आठवून पाहा. केवळ १० सेंटिमीटर रुंदीच्या बीमवर तिची पावले निम्बल होती, मागे कमान होणारी पाठ सपल होती, आणि असमान उंचीच्या दांड्यांवर एक दांडी सोडून दुसरी पकडताना सगळे शरीर अ‍ॅजाइल होते. मुलगी एकच, पण तिन्ही जागी एकच विशेषण घातले तर तिचे काहीच दिसणार नाही.

‘स्प्राय’ जपून वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन. तो वयाला चिकटलेला शब्द आहे: ऐंशीतल्या आजोबांना चालतो, पंचविशीच्या तरुणाला लावला तर विचित्र वाटतो. शिवाय कौतुकाच्या आडून ‘या वयातसुद्धा’ असे तो सुचवतो आणि ते अनेक वृद्धांना बोचते.

राहिला ‘अ‍ॅजाइल’. लॅटिन ‘आगेरे’, म्हणजे हाकणे, करणे, हे त्याचे मूळ. संस्कृतातला हाकणे या अर्थाचा ‘अज्’ धातू त्याच कुळातला. म्हणून त्यात सौंदर्यापेक्षा कृती महत्त्वाची, आणि क्रीडाशास्त्रातही अ‍ॅजिलिटी म्हणजे निव्वळ वेग नसून धावता धावता दिशा बदलण्याची क्षमता. २००१ साली यूटामधील स्नोबर्ड येथे जमलेल्या सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी आपल्या कार्यपद्धतीसाठी हाच शब्द निवडला. हिंजवडीतल्या कचेऱ्यांत तो आज रोज कानावर पडतो, बहुधा ‘लवकर’ या अर्थाने. पण त्या तज्ज्ञांच्या जाहीरनाम्यात आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे अधिक मोलाचे मानले आहे, आणि तिथे ‘अ‍ॅजाइल’ आपल्या नेमक्या अर्थाने उभा आहे.