पिशवीतली लिंबे आणि हातावरची मोड

श्रोतेहो, नमस्कार. चार वर्षांचे मूल एक ते वीस अंक घडाघडा म्हणते, तेव्हा त्याला मोजता येते असे घरात सगळ्यांना वाटते; पण त्याच मुलाला दादरच्या मंडईत लिंबांच्या वाट्यासमोर उभे केले, तर बोट दुसऱ्या लिंबावर पोहोचेपर्यंत तोंडातला अंक चारवर गेलेला असतो. एका लिंबाला एकच अंक आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण लिंबे, या दोन गोष्टी पाठांतराने येत नाहीत. त्यासाठी एकेक लिंबू उचलून पिशवीत टाकावे लागते. तीच लिंबे जरा पसरून मांडली की ती वाढली, असेही या वयात वाटते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी वस्तूंच्या रांगा मांडून हेच दाखवले होते.

नाण्यांचे प्रकरण अधिक अवघड आहे. एकेक रुपयाची चार नाणी आणि पाचाचे एक नाणे पुढे ठेवले, तर लहान मूल बहुधा चार नाण्यांवर हात ठेवते. मुंबईत आता कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही फोनवरून दिले जातात. यंत्राने उच्चारलेला आकडा मुलाच्या कानावर पडतो, पण पैसे कमी झालेले त्याला दिसत नाहीत. म्हणून मूल बरोबर असेल तेव्हा एखादी तरी खरेदी रोखीने करावी, असा माझा आग्रह आहे.

सहा-सात वर्षांच्या मुलाला भाजीवाल्या मावशी मोड कशी परत देतात, ते नीट पाहू द्यावे. भाजी ३५ रुपयांची झाली आणि आपण ५०ची नोट दिली, तर मावशी वजाबाकी करत बसत नाहीत. पाचाचे नाणे हातावर ठेवून "चाळीस" म्हणतात आणि दहाची नोट ठेवून "पन्नास". शाळेत ज्या उत्तरासाठी दशक सुटा करावा लागतो, ते येथे नुसते पुढे मोजत गेल्याने मिळते. पुढच्या खेपेस मोड मुलालाच मोजून घेऊ द्यावी. अर्थात संध्याकाळी सात वाजता, मागे गिऱ्हाइके खोळंबलेली असताना नव्हे.

इलेक्ट्रॉनिक काट्यामुळे वर-खाली होणारी पारडी दिसेनाशी झाली आहेत, तेव्हा वाण्याकडून आणलेली कुरमुऱ्यांची फुगीर पिशवी मुलाच्या एका हातात आणि पाव किलो साखर दुसऱ्या हातात द्यावी. थोड्या मोठ्या मुलाला, वाटाणा ८० रुपये किलो असेल तर पाव किलोचे किती, हे दोनदा निम्मे करून काढू द्यावे. उत्तर चुकले तर मावशी सांगतीलच, आणि त्यांचे सांगणे मुले आपल्यापेक्षा लवकर ऐकतात.