पॅलेस थिएटर आणि कोल्हापूरचा सिनेमा

नमस्कार श्रोतेहो. खासबाग मैदानाला खेटून उभ्या असलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल आज बोलायचं आहे. याचं मूळ नाव पॅलेस थिएटर. कोल्हापूरच्या सिनेमाची गोष्ट सांगायची, तर मी सुरुवात टॉकीजपासून करणार नाही, या नाटकाच्या थिएटरापासूनच करीन.

राजर्षी शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. खासबाग मैदानात त्याचा अंश दिसतो. मधे लाल मातीचा हौदा, भोवती चढत गेलेल्या बैठका. कुठंही बसा, कुस्ती दिसणारच. हे मैदान 1912 मधलं, आणि त्याच्याच शेजारी 1915 मध्ये थिएटर उभं राहिलं. पैलवान आणि नट, दोघांचा शेजार महाराजांनी असा कायमचा जमवून दिला. त्या काळी नाटकाला गर्दी करणारी माणसं नटाला मात्र चार हात लांबच ठेवायची, हे ध्यानात घेतलं म्हणजे या शेजाराची किंमत कळते.

ज्यांचं नाव पुढं 1957 मध्ये या थिएटराला दिलं, ते गायक नट केशवराव कोल्हापूरचेच. 1908 मध्ये हुबळीला त्यांनी ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' हे नाटक झालं. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. माईक नाही, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत तान पोचवायची ती गळ्याच्याच जोरावर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव गेले. वय अवघं 31.

आता या नाटकवाल्यांना पडदे लागत. जंगलाचा वेगळा, राजवाड्याचा वेगळा, रस्त्याचा वेगळा. सपाट कापडावर खांबांची रांग अशी काढायची, की ती आत लांबवर गेलीय असं पुढच्या प्रेक्षकाला वाटलं पाहिजे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे चुलतभाऊ याच कामात नावाजले. 'पेंटर' हे आडनाव त्यांना या कामानंच चिकटवलं. चित्रं हलायला लागली म्हटल्यावर हे दोघे गप्प बसणारे नव्हते. मुंबईच्या बाजारातून जुना प्रोजेक्टर आणला, 'डेक्कन सिनेमा' नावानं खेळ दाखवू लागले. मग स्वतःचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव 1916 मध्येच वारले. कॅमेरा पुरा केला तो बाबूरावांनी, विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून. पुस्तकी इंजिनियर कुणी नाही. सगळं डोळ्यानं बघायचं आणि हातानं घडवायचं. मला विचाराल तर कोल्हापूरचा खरा स्वभाव हाच.

बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी 1917 मध्ये निघाली. तिचा मूकपट 'सैरंध्री' 1920 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला आणि लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. त्यात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या होत्या. त्यासाठी त्या बायांना समाजानं काय सोसायला लावलं, ते मात्र कौतुकाच्या भाषणांतून सहसा ऐकू येत नाही. याच कंपनीत दिग्दर्शक व्ही. शांताराम तयार झाले. 1929 मध्ये ते, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. चारच वर्षांत ती पुण्याला गेली. आपली कोल्हापूरकरांची तक्रार अजून मिटलेली नाही, असो. खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा मानस्तंभ येताजाता बघता ना? तो या मंडळींसाठीच आहे.

टॉकीजचा जमाना त्यानंतरचा. रिक्षावाल्याला 'उमा टॉकीज' म्हणा नाहीतर 'व्हीनस कॉर्नर', तो बरोबर नेऊन सोडतो. तिकिटाची खिडकी म्हणजे भिंतीतलं मुठीएवढं भोक. पैसे धरलेला हात आत घालायचा आणि तिकीट हाताला लागेपर्यंत मागचा लोंढा पाठीवर झेलायचा. नवीन पिक्चरच्या पहिल्या खेळाला शर्टाची बटणं शाबूत राहिली, तर तो गडी नशीबवान! बाहेर ब्लॅकवाला हलक्या आवाजात भाव सांगत फिरायचा. आता मोबाईलवर खुर्ची निवडता येते. सोय झाली, नाही म्हणत नाही.

8 ऑगस्ट 2024 ची रात्र कोल्हापूरकर विसरणार नाहीत. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि आदल्या रात्री नाट्यगृह पेटलं. रंगमंच, छत, खुर्च्या, सगळं आगीच्या तोंडी पडलं. ज्यांनी तिथं पहिल्यांदा तोंडाला रंग लावला, ती माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती.

सरकारनं पैसे जाहीर केले, फेरउभारणीचं ठरलं. माझं मागणं एवढंच. एसी बसवा, चांगली ध्वनियंत्रणा बसवा, आग विझवण्याची व्यवस्था तर आधी बसवा. पण खासबागेचा आणि थिएटरचा शेजार मोडू नका, दोघांच्या मधे काचेची चकचकीत भिंत आणू नका. आणि आत शिरताना दिसेल असा एक फलक लावा, पडदे रंगवणाऱ्या त्या दोन भावांच्या नावाचा. नटांच्या तसबिरी लागतीलच.

नमस्कार.