टेकडीवरची पेठ: कोर्द-स्युर-सिएल

शरद ऋतूतली सकाळ. सेरू नदीचं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलंय आणि त्या धुक्याच्या वर एक गाव दिसतंय, कोर्द. दक्षिण फ्रान्समधलं, आल्बी शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर. नावापुढे ‘स्युर-सिएल’, म्हणजे ‘आभाळावरचं’, हे शेपूट लागलं ते १९९३मध्ये. पर्यटकांसाठीच, उघड आहे. पण हे धुकं पाहिल्यावर तक्रार करवत नाही.

गडावर शिबंदी आणि गाव पायथ्याला, अशी आपल्या डोळ्यांना सवय. इथे अख्खं गावच वर चढलं. १२०९पासून या मुलखात काथार पंथीयांविरुद्ध, म्हणजे चर्चनं पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध, पोपनं पुकारलेलं धर्मयुद्ध पेटलं होतं. घरंदारं सोडून माणसं वणवण फिरत होती. १२२२मध्ये तुलूझचा काउंट सातवा रेमों यानं सनद दिली आणि ही टेकडी वसवली. येऊन राहील त्याला करांत सूट. माणसं आली, त्यांच्यामागून व्यापार आला. कातडी आणि कापड यांच्यावर कोर्द गब्बर झालं. वस्ती तटाबाहेर सांडली, की बाहेरून नवा तट. चढताना म्हणूनच वेशीमागून वेशी लागतात.

चढ मात्र अंगावर येतो. एका जिन्याला ‘पातेर नोस्तेर’ म्हणतात. त्याच नावाच्या ख्रिस्ती प्रार्थनेत शब्द जितके, तितक्याच पायऱ्या. दम लागलेल्यानं कुठे थांबावं, ते प्रार्थनेत सांगितलेलं नाही.

आता या वाड्यासमोर जरा थांबूया. टोकदार कमानींच्या खिडक्या, आणि मधल्या भिंतीतून बाहेर आलेली दगडी शिल्पं: ससा, रानडुक्कर, कुत्रा, शिकारी. यालाच ‘मुख्य शिकाऱ्याचा वाडा’ म्हणतात. शेजारी ‘मुख्य बाजदारा’चा, म्हणजे शिकारी ससाणे सांभाळणाऱ्याचा, वाडाही आहे. नावं दरबारी, पण ती पुष्कळ नंतर चिकटलेली. बांधणारे होते व्यापारी. पैसा आला होता, तो रस्त्यावरून दिसायला हवा होता.

पुढे बाजाराचा मंडप. दगडी खांब, वर लाकडी छप्पर आणि मधोमध शंभर मीटरहून खोल विहीर. वेढा पडला तर पाणी हवं, म्हणून टेकडीच्या पोटात इतकं खाली जावं लागलं. पाखंडी शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या धर्मन्यायालयाचे तीन अधिकारी गावकऱ्यांनी हिच्यात ढकलले, असं सांगतात. दंतकथाच ती, पण गावाला प्रिय.

मग प्लेगच्या साथी आल्या. सतराव्या शतकात दक्षिणेकडे ‘कानाल द्यु मिदी’ हा कालवा झाला आणि मालाची वाहतूक तिकडे वळली. कोर्द गरीब झालं. आमच्या मते गाव वाचलं ते याच गरिबीनं. जुनं पाडून नवं बांधायला पैसा होता कुणाकडे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या सेंट गालेनहून भरतकामाची यंत्रं आली आणि घराघरांत खडखडाट सुरू झाला. लाकोस्त या फ्रेंच कंपनीच्या शर्टावरची खूण असलेली मगरसुद्धा इथे भरली गेली. तो धंदाही बसला. १९४०च्या सुमारास चित्रकार इव्ह ब्रेये इथे राहायला आला, पाठोपाठ आणखी कलावंत आले, ओसाड घरांना भाडेकरू मिळाले. २०१४मध्ये तर फ्रेंच दूरदर्शनच्या प्रेक्षकांनी कोर्दला देशातलं सर्वात आवडतं गाव ठरवलं.

आज वरच्या गल्ल्यांत चित्रांची दालनं आणि हस्तकलेची दुकानं. कोबी-बटाटे हवे असतील, तर शनिवारी सकाळी टेकडी उतरावी लागते. आठवडी बाजार खाली भरतो.