माजी सैनिकांचं खातं तालुक्याला कधी येणार?

श्रोतेहो, नमस्कार.

मी पलटणीत क्लार्क होतो. बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला. त्यामुळं गावात माझ्याकडं लढाईच्या गोष्टी ऐकायला कुणी येत नाही, कागद वाचून घ्यायला येतात. माजी सैनिकांसाठी राज्यात पूर्ण ताकदीचा स्वतंत्र विभाग असावा, अशी मागणी अधूनमधून होते. मी त्या मागणीच्या बाजूचाच आहे, पण माझी एक अट आहे. हा विभाग मंत्रालयात सुरू होऊन जिल्ह्याच्या गावात संपता कामा नये.

आज काहीच नाही असं नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 मध्ये, सैनिकांच्या घरच्यांची विचारपूस करायला इंग्रजांनी बोर्डं काढली. 1919 साली त्यांच्यावर मध्यवर्ती बोर्ड आलं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड तिथूनच आलेलं. संरक्षण मंत्रालयात माजी सैनिक कल्याणाचा वेगळा विभाग मात्र 2004 साली झाला. आपल्या राज्यात पुण्याला सैनिक कल्याण विभाग आहे. जिल्ह्याला त्याचं कार्यालय आहे, वसतिगृहं आहेत, जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष कलेक्टर साहेब असतात. मंत्रालयात हा विषय सामान्य प्रशासन विभागाकडं. मंत्रीही असतात, पण माजी सैनिक कल्याण कधी कृषीच्या जोडीला, कधी पर्यटन आणि खनिकर्माच्या. पानातल्या लोणच्यासारखं, वाढलेलं असतं, त्यानं पोट भरत नाही.

आता कागदांकडं येतो.

मध्यंतरी कंधार तालुक्यातल्या एक मावशी आल्या होत्या. नवरा नाईक या फौजेतल्या हुद्द्यावरून रिटायर झालेला, वारल्याला काही महिने झालेले. पिशवीत डिस्चार्ज बुक म्हणजे नोकरीची नोंदवही, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, बँकेचं पासबुक, सगळं नीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. अडलं कुठं? पलटणीच्या रेकॉर्डात मावशींचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. जन्मतारखेचं तर विचारूच नका. आपल्याकडं शाळेतल्या गुरुजींनी निम्म्या गावाला एक जूनचा जन्म दिलाय, आणि मावशी तर शाळेतही गेलेल्या नाहीत. रेकॉर्डात एक साल, आधारवर दुसरं. लग्न झालं तेव्हाच त्या नाईकानं पलटणीत पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्यांची नोंद, नीट करून घेतली असती तर हे झालं नसतं. पण विशीतल्या पोराला हे कोण सांगणार?

मग काय? तहसीलला प्रतिज्ञापत्र, त्यावरून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र, ते पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला, तिथून दुरुस्ती पेन्शनच्या कार्यालयाला, आणि ती फौजेच्या पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर दिसेपर्यंत मोबाईलवर ओटीपीची वाट बघायची. मोबाईल नातवाचा, आणि नातू पुण्याला कंपनीत. कोण चुकलं म्हणाल, तर कुणीच नाही. ज्यानं त्यानं आपल्या टेबलापुरतं काम केलं. पेन्शन दिल्लीची, ती राज्याच्या हातात नाही, हे मलाही कळतं. पण मावशींचा हात धरून या टेबलावरून त्या टेबलावर नेणारा माणूस तर राज्याला नेमता येतो ना?

जे राज्याच्या हातात आहे त्याची गतही फार वेगळी नाही. माजी सैनिकाच्या एका घराची घरपट्टी माफ, ही योजना 2020 ची. गावात ग्रामसेवकाला विचारा, तो म्हणेल, ‘दाजी, आदेश कुठंय?’ आदेशाची झेरॉक्स सैनिकानंच न्यायची. राज्याच्या गट क आणि गट ड नोकऱ्यांत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच राखीव जागा. जाहिरात निघते, परीक्षा होते, आणि उमेदवार मिळाला नाही म्हणून जागा दुसरीकडं वळते. पस्तिशी-चाळिशीत घरी आलेला गडी त्याच गावात एटीएमवर वॉचमन असतो. त्याला जाहिरात कळलेलीच नसते.

मराठवाड्यात हे जास्त का होतं, यावर माझं एक मत आहे. साताऱ्याकडं पिढ्यान् पिढ्या फौजेत जाणारी घरं आहेत. अपशिंगेसारख्या गावात आजोबाच नातवाला सांगतो, कोणता कागद कुठं लागतो. आपण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. इकडं पुष्कळ घरांत पलटणीत गेलेला हा पहिलाच माणूस. कोरडवाहू जमीन, दोन भाऊ, त्यातला एक भरतीला पळाला. म्हणजे फौजेचं ज्ञान घरात नाही, ते सरकारनंच दारापर्यंत आणलं पाहिजे. किनवटच्या माणसाला नांदेड गाठून परत यायचं म्हणजे एका सहीसाठी सगळा दिवस आणि एसटीचं भाडं.

राज्य आणि फौज मिळून काम करू शकतात, याचा दाखलाही इथलाच. संभाजीनगरच्या बाजूच्या उजाड डोंगरांवर प्रादेशिक सेनेची इको बटालियन झाडं लावते. त्यातले बहुतेक जवान माजी सैनिक. वनविभाग आणि वर्दी एका कामावर आली.

आणि आता अग्निवीर. परळी-गंगाखेड रस्त्यावर पहाटे गाडीनं गेलात तर अंधारात पळणारी पोरं दिसतात, ती याच भरतीची. योजना 2022 ची. पहिली तुकडी 2023 च्या सुरुवातीला रुजू झाली, म्हणजे 2027 उजाडता उजाडता त्यांची चार वर्षं भरतात. फौज त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के ठेवणार. बाकीचे सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन तिशीच्या आत घरी. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस आरोग्य योजनेचा दवाखाना नाही, आणि नियमानं ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. उद्या नवा विभाग जुनीच व्याख्या घेऊन बसला, तर हा पोरगा त्याच्या दारातूनच परत जाईल. म्हणून व्याख्या आधी ठरवा, इमारत मागून बघू.

माझ्या मते विभागाची पहिली नेमणूक तालुक्याला हवी. तहसील कार्यालयात एक टेबल, त्यावर माजी सैनिकच बसलेला, आठवड्याच्या बाजारादिवशी तरी हजर. त्याच्याकडं तालुक्यातल्या सगळ्या माजी सैनिकांची आणि वीरनारींची यादी. वर्षातून एकदा त्यानंच गावोगाव फिरून ती ताडून बघायची. कोण वारलं, कुणाची पेन्शन थांबली, कुणाचा हयातीचा दाखला राहिला. नोकरीची जाहिरात आली की त्यानंच फोन लावायचा. या सगळ्याला पैसा किती लागेल? जिल्हा कार्यालयांच्या खर्चात केंद्र वाटा देतंच. तालुक्यासाठीही राज्यानं तो मागावा.

ते होईल तेव्हा होईल. तोवर एक काम आज संध्याकाळी करा. घरातलं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ काढा. बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळवून बघा, अक्षर न् अक्षर. फरक दिसला तर माणूस हयात असतानाच जिल्हा कार्यालयात अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. नमस्कार.