हवाई दलात का जायचंय?

(नांदेड येथे अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर हवाई दलाच्या एका निवृत्त हेलिकॉप्टर वैमानिकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मुलाखत घेणारा अधिकारी विचारतो, "हवाई दलात का यायचंय?" समोरचा मुलगा पाठ ताठ करतो आणि सांगतो, "सर, देशसेवा करण्यासाठी." उत्तर खोटं नसतं, पण क्लासमध्ये घोटून आलेलं असतं. अधिकाऱ्यानं ते सकाळपासून बऱ्याचदा ऐकलेलं असतं. त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला: "मग शिक्षक का नाही झालास? तीही देशसेवाच." इथे मुलगा गडबडतो. निवृत्तीनंतर मी मुलांची तयारी करून घेतो, त्यामुळे ही गडबड मला पाठ आहे. आज बोलायचंय ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

खरी कारणं मुलं चहाच्या टपरीवर सांगतात. मामेभाऊ सुट्टीवर आला तेव्हा गल्लीत त्याला जो मान मिळाला, तो हवाय. गणवेश हवाय. वेग हवाय. दुकानात बसायचं नाहीये. एकानं तर सरळ सांगितलं, "सर, घरातनं बाहेर पडायचंय." यातलं एकही कारण मला हलकं वाटत नाही. पैशाचंही नाही. सातव्या वेतन आयोगात नव्या फ्लाइंग ऑफिसरचं, म्हणजे पहिल्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्याचं, मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर लष्करी सेवा वेतन १५,५०० आणि वैमानिकाला २५,००० रुपये उड्डाण भत्ता. महागाई भत्ता वेगळा. बाहेर वैमानिकाचा परवाना काढायला बापाला जमीन विकावी लागते; इथे शिकवण्याचा खर्च सरकार करतं. हे उघड बोलायला लाज कशाची? मात्र ज्याला फक्त विमान चालवायचंय आणि पुढे भरपूर कमवायचंय, त्यानं विमान कंपनीचा रस्ता धरावा. तोही चांगला रस्ता आहे.

आपल्याकडे हवाई तळ नाही, घरात कुणी फौजी नाही, मग जमेल का, असं पालक विचारतात. विवेक राम चौधरी याच जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातल्या हस्तऱ्याचे. १९८२ साली लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाले आणि २०२१ ते २०२४ हवाई दलप्रमुख होते. त्यांच्याआधी नागपूरचे प्रदीप नाईक प्रमुख झाले, आणि सत्तरच्या दशकात मुंबईचे हृषीकेश मुळगावकर. तेव्हा गावाचं कारण सांगू नका.

आता मुद्द्याचं. आत शिरताना तुम्ही कुठलंही कारण घेऊन या, प्रशिक्षणात त्याची चाळणी होते. पुण्याजवळ खडकवासल्याला, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए), पहिल्या महिन्यात देश वगैरे काही दिसत नाही. दिसतो तो उस्ताद, म्हणजे कवायत घेणारा प्रशिक्षक, आणि त्याचा रगडा, म्हणजे दमवणारी शिक्षा. गणवेशाची हौस तिथे आठवड्यात फिटते, कारण दिवसातून इतक्या वेळा कपडे बदलायचे असतात की इस्त्री ही शिक्षा वाटू लागते. वेगाची हौस जरा जास्त टिकते. ती फिटते हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या अकादमीत, प्रत्यक्ष उडायला लागल्यावर.

तिथलं दृश्य सांगतो. रात्री खोल्यांमध्ये कॅडेट लाकडी खुर्चीवर बसलेत. समोर भिंतीवर कॉकपिटचं चित्र. उजवा हात स्टिकवर, म्हणजे विमान वळवण्याच्या दांड्यावर, डावा थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करण्याच्या दांड्यावर; खरं तर दोन्ही हवेत! डोळे मिटून तोंडानं चेकलिस्ट चालू. याला चेअर फ्लाइंग म्हणतात. सकाळी खरी सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी होते, आणि उतरल्यावर डीब्रीफिंग, म्हणजे त्या फेरीची उजळणी. इन्स्ट्रक्टर तळहाताचं विमान करून तुमचं वळण तुम्हालाच दाखवतो. "इथे शंभर फूट उंची गेली. का गेली?" "सर, वारा..." "वारा नाही, तू. नजर कॉकपिटच्या आत होती तुझी." हे रोज. पुढे स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत गेलात तरी हेच. वरिष्ठसुद्धा तिथे आपली चूक आपल्या तोंडानं सांगतात.

माझं मत असं की वैमानिक अधिकारी होण्याची खरी ओढ इथेच कळते. विमान कुणालाही आवडतं. पण उतरल्या उतरल्या आपलं काय चुकलं हे ऐकायची ज्याला भूक असते, तो टिकतो. ज्याला ते अपमानासारखं लागतं, तो कितीही हुशार असला तरी कुढत राहतो, आणि त्यातले काही फ्लाइंगमधून सस्पेंडही होतात, म्हणजे त्यांचं वैमानिकाचं प्रशिक्षण थांबवलं जातं.

सियाचिनचं उदाहरण घ्या. १९८४ मध्ये सियाचिन ताब्यात घेणाऱ्या ऑपरेशन मेघदूतपासून तिथल्या चौक्यांना हेलिकॉप्टरनं रसद जाते. चीता हेलिकॉप्टर लहान, हवा विरळ. उंचावरच्या चौकीसाठी वैमानिक इंधनाचा आणि सामानाचा किलो-किलोचा हिशेब करतो. कधी कधी एका फेरीत रॉकेलचा एखादा जेरीकॅनच जातो. हेलिपॅड म्हणजे बर्फातला एक तुकडा. इंजिन बंद करायचं नाही, सामान उतरलं की निघायचं, वारा वाढायच्या आत परतायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यात टाळ्या नाहीत. वर चौकीत मात्र त्या रॉकेलवर स्टोव्ह पेटतो. जी देशसेवा मुलाखतीत पाठ करावी लागते, ती इथे आपोआप समजते.

निर्मलजीत सिंग सेखोंचं नाव तुम्हाला माहीत असेल. १४ डिसेंबर १९७१, श्रीनगर. धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना ते नॅट विमान घेऊन उडाले आणि एकटे पाकिस्तानच्या सेबर विमानांशी लढले. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं, मरणोत्तर. आपण त्यांची हिंमत आठवतो, ते बरोबरच. पण बॉम्ब पडताना टेकऑफ जमतो, कारण बॉम्ब पडत नसताना तो असंख्य वेळा केलेला असतो. पालकांनो, धोका आहे. शांततेच्या काळातही आहे. तो लपवून मुलाला पाठवू नका.

मुलींसाठी दोन शब्द. २०१६ मध्ये पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक झाल्या. २०२२ पासून एनडीएचं दार उघडलं आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या. मुलांच्या तयारीसाठी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, मुलींसाठी आता नाशिकला आहे.

शेवटी कामाचं. वैमानिकाच्या पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटरमध्ये लागते, मांडी ६४ च्या आत. कॉकपिटमध्ये मावायचं असतं. रंग ओळखण्याची तपासणी आधीच करून घ्या. आणि वैमानिकाची कलचाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तेव्हा "बघू तर कसं असतं" म्हणून जाऊ नका. आता प्रश्न. आधी मुलांनी विचारायचे, पालकांनी नंतर.