सोयाबीन तारण ठेवताना

(दृश्य: बाजार समितीचं आवार, सोयाबीनच्या ढिगांची रांग.)

दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन एकदमच बाजारात येतं. मळणीची मजुरी द्यायची असते, कृषी सेवा केंद्राची उधारी थकलेली असते, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं असतं. गरज सगळ्यांची एकाच महिन्यात, म्हणून आवक फुगते आणि माल मिळेल त्या भावाने जातो.

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून याच अडचणीसाठी आहे. माल विकायचा नाही, बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवायचा. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा, हळद अशा मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. मुदत १८० दिवस, व्याज वर्षाला ६ टक्के. किंमत धरताना बाजारभाव आणि हमीभाव यांपैकी कमी असेल तो धरतात. योजना फक्त उत्पादकासाठी आहे, व्यापाऱ्याचा माल चालत नाही; म्हणून सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद हवी. ती आधीच पाहून ठेवा, माल गाडीत भरल्यावर नव्हे.

(दृश्य: चाळणी, ओलावामापक, वजनकाटा.)

खरी परीक्षा गोदामाच्या दारात होते. काडीकचरा आणि माती चाळणीत निघून गेली पाहिजे, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर नको. पावसात भिजलेलं सोयाबीन वरून कोरडं वाटतं, पण पोत्यात ते गरम होतं आणि बुरशी धरतं. एक ओलं पोतं शेजारच्या पोत्यांनाही बाधतं. थप्पी लाकडी फळ्यांवर लावायची, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही आणि हवा खेळती राहते. साठवणूक आणि देखरेख बाजार समिती विनामूल्य करते.

आता हिशेब. हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि नुकसान इथेच होतं.

समजा, २० क्विंटल सोयाबीन आहे आणि भाव ४,००० रुपये. मालाची किंमत ८०,००० रुपये, कर्ज ६०,००० रुपये. १८० दिवसांचं व्याज साधारण १,७७५ रुपये. एवढाच खर्च, असं वाटतं. पण १२ टक्के ओलाव्याचा माल वाळून १० टक्क्यांवर आला, तर २० क्विंटलमागे सुमारे ४४ किलो वजन घटतं. ४,००० च्या भावाने तेही १,७७५ रुपयांच्या आसपासच. म्हणजे घट व्याजाइतकीच महाग! दोन्ही धरून भाव ४,१८० रुपयांच्या पुढे गेला, तरच माल ठेवल्याचं सार्थक. वाहतूक आणि हमाली वेगळी. भाव चढेलच अशी हमी कुणीही देऊ शकत नाही. योजना वेळ मिळवून देते, भाव नाही.

मुदत उलटली की पुढच्या सहा महिन्यांसाठी व्याज ८ टक्के, त्यानंतर १२ टक्के. त्यामुळे पाचव्या महिन्यात निर्णय घेतलेला बरा. भाव खाली असला, तरी "अजून थोडं थांबू" म्हणत सातव्या महिन्यात जाणं क्वचितच परवडतं.

(दृश्य: गावातून निघालेला ट्रॅक्टर, त्यावर पोती.)

आठ-दहा पोत्यांसाठी एकट्याने गाडी करणं महाग पडतं. गावातली सहकारी संस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी इथे फार उपयोगी पडते: चाळणी आणि ओलावामापक एकच घ्यायचा, माल गावातच तपासायचा, गाडी भरून न्यायची. मात्र पोती एकत्र नेली तरी वजन आणि पावती ज्याच्या त्याच्या नावाची हवी. जवळच्या समितीकडे गोदाम नसेल, तर राज्य किंवा केंद्रीय वखार महामंडळाच्या गोदाम पावतीवरही तारण कर्ज मिळतं. त्यासाठी समितीत चौकशी करा.

(दृश्य: गोदामाचं दार, काट्यावर पोतं.)

पावती हातात पडली की तिथेच वाचा: पोत्यांची संख्या, निव्वळ वजन, प्रत, ओलावा, तारीख. ओलाव्याचा आकडा लिहिलेला नसेल तर लिहून घ्या. माल सोडवताना वजन कमी भरलं, तर ती वाळल्याची घट आहे की आणखी काही, हे त्याच आकड्यावरून ठरतं.